राइड थांबवायचा अधिकार कोणाचा?

प्रति,
मा. ॲड. आकाश फुंडकर,
कामगारमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

महोदय,

सरावलीहून कामगारमंत्र्यांना पत्र आले म्हणजे ते तारापूर औद्योगिक वसाहतीबद्दलच असणार, असे कोणालाही वाटेल. कारखान्यांच्या शेजारी वसलेले हे गाव, पाळ्या सांभाळणारी इथली माणसे आणि वर्षागणिक वाढत जाणारी अपघातांची यादी, हे सगळे आपल्या खात्याला ठाऊक आहे. 11 जानेवारी 2020 रोजी कोलवडे इथल्या स्फोटात आठ जण गेले. 21 ऑगस्ट 2025 रोजी वायुगळतीत चार कामगारांचा जीव गेला. तरी आजचे पत्र कारखान्यांबद्दल नाही. वसई-विरारपासून केळवे, डहाणू, बोर्डीपर्यंतच्या किनारपट्टीवर आणि मुंबई-अहमदाबाद महामार्गाच्या बाजूने वॉटर पार्क, मनोरंजन उद्याने आणि रिसॉर्ट उभी राहिली आहेत. त्यांत राइड चालवणारे, तलावाकाठी शिटी घेऊन उभे राहणारे, कपडे बदलायच्या खोल्या धुणारे, भटारखान्यात राबणारे हजारो हात आहेत. त्यांच्यासाठी हे पत्र आहे. या कामगारांना संघटित होण्याची खरी, व्यवहारात वापरता येईल अशी वाट सरकारने करून द्यावी आणि ती माथाडी मंडळाच्या धर्तीवर असावी, एवढे एकच म्हणणे मला मांडायचे आहे. त्यात कामगारांचे हित आहेच. पण या उद्यानांत मुलाबाळांना घेऊन येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाचा जीवही याच प्रश्नाशी बांधलेला आहे.

हे काम नेमके काय असते, ते आधी पाहू. बाहेरून ते काम वाटतच नाही, सुट्टीच्या जागी असलेली मजेची नोकरी वाटते. दरवाजे उघडण्यापूर्वी राइड रिकामी फिरवून पाहायची असते. प्रत्येक आसनाचा सेफ्टी बार खाली ओढून, परत वर उचलून बघायचा. नट-बोल्टांवरून हात फिरवायचा. मोटरचा आवाज कालच्यासारखाच आहे ना, हे कानाने ओळखायचे. मग दिवसभर दर फेरीला तेच: बार लावा, बार ओढून पाहा, उंचीची पट्टी दाखवून लहान मुलाला परत पाठवा आणि त्याच्या बापाची बोलणी खा. वेव्ह पूलच्या काठावरच्या लाइफगार्डला मे महिन्याच्या उन्हात तापलेल्या लादीवर उभे राहून, शेकडो डोक्यांमधले कोणते डोके पाण्याखाली जाऊन वर आले नाही, एवढेच पाहायचे असते. कोकणातल्या दमट उकाड्यात हे लक्ष फार वेळ टिकत नाही. म्हणूनच लाइफगार्डची जागा थोड्या थोड्या वेळाने बदलावी, त्याला सावलीत बसू द्यावे, ही या धंद्यातली साधी समज आहे; आणि माणसे कमी पडली की पहिली काटछाट याच विश्रांतीवर होते. पंपघराच्या बाजूला क्लोरीनची द्रावणे आणि आम्ल ठेवलेले असते. सोडियम हायपोक्लोराइट आणि हायड्रोक्लोरिक आम्ल चुकून एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो, हे तारापूरच्या कोणत्याही केमिकल कारखान्यातला हेल्पर सांगेल. कारखान्यात निदान त्याच्यासाठी फलक, मुखवटा आणि तपासणीला येणारा अधिकारी असायला हवा, हे सर्वमान्य आहे. वॉटर पार्कच्या स्टोअररूममध्ये तेच रसायन हाताळणारा मुलगा कागदावर बहुधा ‘हाउसकीपिंग’ असतो.

आता हाच राइड चालवणारा मुलगा एखाद्या रविवारी दुपारी वेगळा आवाज ऐकतो. समोर रांग लागलेली आहे, तिकिटे फाडली गेली आहेत, सुपरवायझर घड्याळाकडे बघतो आहे. राइड थांबवली तर गर्दी भडकेल, पैसे परत मागितले जातील. आणि आवाज किरकोळ निघाला तर उद्या कामावर येऊ नको, असे ठेकेदार फोनवर सांगून मोकळा होईल. त्याच्याकडे नेमणूकपत्र नाही, पगाराची पावती नाही, कामावरून का काढले हे विचारायची जागा नाही. अशा वेळी तो काय करील, याचे उत्तर त्याच्या स्वभावावर सोडून चालणार नाही. ज्याला उद्याची हजेरी गमावण्याची भीती आहे, तो आज राइड थांबवणार नाही, आणि या भीतीबद्दल त्याला दोष देण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाच नाही. सुरक्षेचे सगळे नियम शेवटी ज्या हातात येतात, तो हातच या व्यवस्थेत सर्वांत दुबळा आहे.

शेजारच्या राज्यातल्या दोन घटना या संदर्भात नीट पाहाव्यात अशा आहेत. 14 जुलै 2019 रोजी अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळच्या उद्यानात झोके घेणारी मोठी राइड मोडून खाली आली. दोघांचा मृत्यू झाला आणि अनेक जण जखमी झाले. तो दिवस रविवारच होता. त्यानंतर मालक आणि व्यवस्थापक यांच्याबरोबर राइड चालवणारे आणि त्यांचा मदतनीसही अटकेत गेले. 25 मे 2024 रोजी राजकोटच्या टीआरपी गेम झोनमध्ये उन्हाळी सुट्टीतल्या शनिवारी आग लागली. वेल्डिंगचे काम चालू असताना आत पाहुणे खेळत होते, अग्निशमन खात्याचा ना-हरकत दाखला नव्हता आणि पंचवीसहून अधिक माणसे, त्यांत लहान मुले आणि तिथले कर्मचारीही, होरपळून गेली. या दोन्ही ठिकाणी परवाना, तपासणी, देखभाल यांबद्दल पुष्कळ लिहिले गेले, आणि ते योग्यच होते. पण आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता. वेल्डिंग चालू असताना आत माणसे घेऊ नका, हे तिथल्या कामगारांना कळत नव्हते काय? कळत असेल, तर ते बोलू का शकले नाहीत? अपघात झाल्यावर कायदा राइड चालवणाऱ्याला जबाबदार धरतो. मग अपघात होण्याआधी तोच कायदा त्याला ‘नाही’ म्हणण्याची ताकद का देत नाही? जबाबदारी आणि अधिकार यांची ही फारकत हा माझ्या मते या धंद्यातला सर्वांत मोठा धोका आहे.

यावर आपल्या खात्यातून पहिले उत्तर येईल ते असे, की कायदे पुरेसे आहेत, फक्त अंमलबजावणी हवी. ते अंशतः खरे आहे. 2017 च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमात सार्वजनिक करमणुकीच्या जागा येतात. दिवसाला मुळात नऊ तास, आठवड्याची सुट्टी, जादा कामाला दुप्पट दर आणि रात्री साडेनऊनंतर काम करणाऱ्या स्त्रियांसाठी संरक्षण व वाहतुकीची सोय, हे सगळे त्यात आहे. या शेवटच्या तरतुदीचे मोल पालघरमधल्या बाईला विचारावे. विरारच्या पुढे डहाणूकडे जाणाऱ्या लोकल मोजक्या आहेत. एक चुकली तर फलाटावर पुष्कळ वेळ काढावा लागतो आणि स्टेशनवरून पाड्यापर्यंतची वाट वेगळीच. पण हा कायदा दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना पूर्णपणे लागू होत होता. 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती मर्यादा वीसवर नेण्याचा आणि दिवसाचे तास दहा करण्याचा निर्णय घेतला. ज्या उद्यानात लाइफगार्ड एका ठेकेदाराचे, सफाई दुसऱ्याची, सुरक्षा तिसऱ्याची आणि खाद्यपदार्थांचे गाळे आणखी चौघांचे, तिथे दरवाजाच्या आत दोनशे माणसे राबत असली तरी कागदावर अनेक लहान आस्थापना उरतात. वीसची रेषा अशा ठिकाणी सहज चुकवता येते.

21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांतल्या काही गोष्टी स्वागतार्ह आहेत. प्रत्येकाला नेमणूकपत्र ही त्यांतली एक. मुदतीवर घेतलेल्या कामगाराला एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटी ही दुसरी. पण उद्यानातला हंगाम फाल्गुनात सुरू होऊन मृगापर्यंत संपतो, फार तर दिवाळी-नाताळची जोड मिळते. चार महिन्यांच्या कामगाराने सेवेचे वर्ष कुठून आणायचे? ठेका कामगारांचे संरक्षण पन्नास किंवा अधिक ठेका कामगार असतील तिथे लागू. स्थायी आदेश तीनशे किंवा अधिक कामगार असतील तिथे. हंगामी स्वरूपाच्या आस्थापनांना ले-ऑफ भरपाईच्या तरतुदी लागूच होत नाहीत. वाटाघाटीसाठी एकमेव मान्यताप्राप्त संघटना व्हायचे तर हजेरीपटावरच्या 51 टक्के कामगारांचा पाठिंबा हवा. जिथे हजेरीपट दर उन्हाळ्यात नवा असतो आणि ठेकेदारागणिक वेगळा असतो, तिथे हे 51 टक्के कोणाचे मोजायचे? संपाला चौदा दिवसांची आगाऊ नोटीस हवी आणि सलोख्याची बोलणी चालू असताना संप करता येत नाही. हे सारे वर्षभर चालणाऱ्या कारखान्याला धरून आखलेले आहे. उद्यानातल्या कामगाराने संघटना नोंदवून, मान्यता मिळवून, मागणीपत्र देऊन बोलणी सुरू करेपर्यंत पाऊस पडलेला असतो आणि कामगार आवणीला आपापल्या गावी गेलेला असतो. कायद्याने त्याला हक्क दिला आहे, पण तो वापरण्याएवढे दिवस दिलेले नाहीत.

म्हणूनच काही जण म्हणतात की हंगामी, विखुरलेल्या आणि बदलत्या कामगारांची संघटना होऊच शकत नाही. आजच्या पालघर जिल्ह्यात राहून हे म्हणणे मला मान्य करता येत नाही. 1945 साली याच डहाणू-तलासरी पट्ट्यातल्या वारली आदिवासींनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. झरीला परिषद झाली, गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्यासोबत उभे राहिले, आणि त्या लढ्याचे मुख्य हत्यार हंगामी कामगाराचे होते: गवत कापायची वेळ आली तेव्हा कापणी बंद. मुंबईच्या तबेल्यांना हे गवत लागत असे. 500 पौंड गवताला अडीच रुपये ही मागणी घेऊन निरक्षर, कर्जात बुडालेली, एकेका जमीनदाराच्या दहशतीत जगणारी माणसे एकत्र राहिली. 10 ऑक्टोबर 1945 रोजी तलवाडा इथे गोळीबारात पाच आदिवासी मारले गेले, तरी संप मोडला नाही. त्यांचा हंगाम तर आजच्या वॉटर पार्कच्या हंगामाहूनही लहान होता. आजचे उदाहरण हवे असेल तर मराठवाड्यातल्या ऊसतोड मजुरांकडे पाहावे. त्यांना कायमचा मालक नाही, मध्ये मुकादम आहे, काम सहा महिन्यांचे आहे. तरीही त्यांच्या संघटना साखर संघाशी राज्यभराचा करार करतात आणि जानेवारी 2024 मध्ये त्यांनी तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ मिळवली. तो करार कारखान्यागणिक झाला असता तर कधीच झाला नसता. सगळ्या धंद्याची मिळून एक बोलणी झाली, म्हणून तो झाला. हंगामी कामगाराची संघटना एका दरवाजाच्या आत उभी राहत नाही. ती सबंध व्यवसायाची असावी लागते. माझी मागणी इथूनच निघते.

या व्यवसायाच्या मालकांना हे तत्त्व फार आधी उमगले. मनोरंजन उद्यानांच्या चालकांची देशव्यापी संघटना 1999 पासून काम करते आहे. जुलै 2017 मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा उद्यानांच्या तिकिटांवर 28 टक्के कर लागला. मालकांनी एकत्र येऊन आपली बाजू मांडली आणि जानेवारी 2018 मध्ये तो 18 टक्क्यांवर आला. त्यांनी यात काही वावगे केले असे मी म्हणणार नाही. एकेकट्या उद्यानाने दिल्लीत अर्ज केला असता तर तो कोणी वाचला नसता, हे त्यांना कळले आणि त्यांनी संघटित शक्ती वापरली. गोराईला 1989 मध्ये एस्सेलवर्ल्ड सुरू झाले तेव्हापासून खोपोलीच्या इमॅजिकापर्यंत महाराष्ट्राने या व्यवसायाला जागा आणि सवलती देत मोठे केले. राज्याच्या 2024 च्या पर्यटन धोरणातही एक लाख कोटींच्या गुंतवणुकीचे आणि अठरा लाख रोजगारांचे उद्दिष्ट आहे. मालकाने एकत्र येऊन कर कमी करून घेणे हा व्यवहार असेल, तर लाइफगार्डने एकत्र येऊन पाळीमागे अर्ध्या तासाची सावली मागणे हाही व्यवहारच आहे. अठरा लाख रोजगारांची घोषणा करताना ते रोजगार कसले असतील, हेही त्याच धोरणात लिहिले जावे.

संघटना आली की धंदा बुडतो, हा आक्षेप मुंबईच्या आसपास नेहमी निघतो आणि त्यामागे 18 जानेवारी 1982 ची आठवण असते. अडीच लाख गिरणी कामगारांचा तो संप आणि नंतर बंद पडलेल्या गिरण्या यांची जखम खोल आहे, ती हसण्यावारी नेता येणार नाही. पण त्या संपाची कारणे तपासली तर धडा उलटा निघतो. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने गिरणी कामगारांच्या वतीने बोलण्याचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त संघटनेला दिला होता. कामगारांचा तिच्यावरचा विश्वास उडाला तेव्हा त्यांना आपला प्रतिनिधी बदलण्याची सरळ वाट उरली नाही, आणि ते डॉ. दत्ता सामंतांच्या मागे रस्त्यावर आले. ऐकणारा नसला की तंटा विकोपाला जातो. दुसऱ्या टोकाला डिस्नेची उद्याने आहेत. कॅलिफोर्नियातले डिस्नेलँड 1955 पासून चालू आहे, तिथे अनेक संघटना आहेत, संपही झाले आहेत. मे 2024 मध्ये मिकीपासून राजकन्येपर्यंतची सोंगे घेऊन मुलांना भेटणाऱ्या सुमारे 1,700 कलावंत-कामगारांनी मतदान करून संघटना निवडली. जुलै 2024 मध्ये तिथल्याच सुमारे 14,000 कामगारांच्या संघटनांनी संपाची तयारी केली, आणि संप होण्याआधीच ताशी किमान 24 डॉलरचा करार झाला. एक दिवसही उद्यान बंद पडले नाही. अमेरिकेतल्या डॉलरची आपल्याशी तुलना करायची नाही. जगातले सर्वांत नावाजलेले आणि नफ्यात चालणारे उद्यान संघटनांशी करार करत सत्तर वर्षे चालू राहते, एवढेच त्यावरून घ्यायचे.

आता महाराष्ट्राने स्वतः काढलेली वाट. बंदरात, बाजारात, रेल्वे यार्डात ओझी वाहणाऱ्या माणसालाही एक मालक नव्हता. आज या गाळ्यावर, उद्या त्या ट्रकवर. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या लढ्यातून 1969 चा माथाडी कायदा आला. त्यातली कल्पना साधी होती: मालक बदलू द्या, ठिकाण बदलू द्या, कामगाराची नोंद एका मंडळात कायम राहील. त्या मंडळात कामगार, मालक आणि सरकार तिघेही बसतील. मालकाने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरायची. मंडळ मजुरी देईल आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा, औषधपाणी पाहील. 1981 मध्ये हीच रीत खाजगी सुरक्षा रक्षकांसाठी कायद्याने आणली. उद्यानातला कामगार हा तसाच माणूस आहे. तो उन्हाळ्यात विरारजवळच्या वॉटर पार्कमध्ये असतो, नाताळात केळव्याच्या रिसॉर्टवर आणि मधल्या काळात तारापूरच्या एखाद्या कारखान्यात ठेक्यावर. त्याची सेवा तुकड्यातुकड्यांत जाते आणि प्रत्येक तुकडा हक्क मिळण्याआधीच संपतो. मंडळाचे एक नोंदणी पुस्तक त्याच्या हाती आले, तर हे तुकडे जोडले जातील. आणि त्याला कामावरून काढल्याबद्दल दाद मागायला ठेकेदाराखेरीज एक जागा मिळेल. तेव्हाच तो राइड थांबवू शकेल.

माथाडी मंडळांबद्दल उद्योजकांची तक्रार आहे हे मी विसरलेलो नाही. माथाडींच्या नावाखाली काही टोळ्या कारखान्यांच्या दारात उभ्या राहून न केलेल्या हमालीचे पैसे मागतात, हे तारापूरच्या उद्योजकांच्या तोंडूनही ऐकू येते. सरकारनेच 2023 मध्ये या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक विधिमंडळात आणले आणि माथाडी नेत्यांनी त्याला विरोध केला. खंडणी हा गुन्हा आहे. तिच्याशी कठोरपणे वागावे, यात मतभेद नसावा. पण खंडणीखोर पैसे रोखीत आणि नोंदीबाहेर मागतो. मंडळाचा व्यवहार नोंदीत आणि बँकेतून होतो. नोंदणीकृत कामगाराची ओळख पटवणारी यादी जितकी पक्की, तितकी बनावट ‘युनियनवाल्यां’ना जागा कमी. नव्या मंडळात नोंदणी, हजेरी आणि भरणा सुरुवातीपासून संगणकावर ठेवा, दर वर्षी हिशेब जाहीर करा, कामगार प्रतिनिधी नेमणुकीने नको, गुप्त मतदानाने निवडा. गैरवापर रोखण्याचे उपाय आहेत. गैरवापराच्या भीतीने व्यवस्थाच नाकारायची तर महाराष्ट्रात सहकारही उभा राहिला नसता.

उरला खर्चाचा आक्षेप, आणि लहान रिसॉर्ट चालवणाऱ्या स्थानिक माणसाच्या तोंडी तो आला तर तो गंभीरपणे ऐकलाच पाहिजे. करोनाच्या दोन वर्षांत या धंद्याने मोठा मार खाल्ला आहे. पण आकडा मांडून पाहू. समजा एका वॉटर पार्कमध्ये हंगामात दीडशे कामगार आहेत, रोजची मजुरी 600 रुपये धरली आणि तिच्यावर 30 टक्के लेव्ही लावली. मजुरी होते 90,000 रुपये, लेव्ही 27,000. त्या दिवशी दोन हजार पाहुणे आले तर माणशी साडेतेरा रुपये पडतात. आत मिळणाऱ्या चहाच्या कपाएवढेही नाहीत. शिवाय त्या लेव्हीतला मोठा भाग, म्हणजे भविष्य निर्वाह निधी, विमा, बोनस, आजच्या कायद्यानेही बहुतेक ठिकाणी देय आहे. जो मालक तो प्रामाणिकपणे भरतो त्याला आज न भरणाऱ्याशी स्पर्धा करावी लागते. मंडळ आले तर ही स्पर्धा निदान सारखी होईल. अगदी लहान, घरच्या माणसांवर चालणाऱ्या न्याहारी-निवास योजनांना यातून वगळायला माझी हरकत नाही. जिथे तिकीट लावून यंत्रावर किंवा खोल पाण्यात माणसे सोडली जातात, तिथे मात्र सूट नको.

‘पोरांना गावाजवळ काम मिळते आहे, नियम लावाल तर तेही जाईल’, असे जव्हार-विक्रमगडच्या मुलांकडे बोट दाखवून सांगितले जाते. हे ऐकताना मला सर्वांत जास्त वाईट वाटते, कारण या जिल्ह्यात प्रत्येक पिढीला हेच सांगितले गेले. वेठबिगारी संपवायची म्हटली तेव्हा सांगितले गेले, 1982 पासून श्रमजीवी संघटनेने वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवरून आणि शेतांवरून बांधील मजूर सोडवले तेव्हाही सांगितले गेले. त्यानंतर काम बंद पडले नाही, कामाची किंमत थोडी वाढली एवढेच. जिल्ह्यात आता बुलेट ट्रेनची विरार आणि बोईसर ही स्थानके उभी राहत आहेत, वाढवणला बंदर येत आहे. मुंबईची आणि गुजरातची सुट्टीवरची माणसे पूर्वीपेक्षा जास्त येतील, उद्याने वाढतील आणि त्यांना माणसे लागतीलच. नियम आत्ता, धंदा वाढत असताना घालायचे असतात. तारापूरमध्ये आपण आधी वसाहत वाढू दिली आणि सुरक्षेचा हिशेब अपघातांनंतर मांडत बसलो.

तेव्हा महोदय, आपल्याकडे माझे मागणे असे आहे. मनोरंजन उद्याने, वॉटर पार्क आणि मोठी रिसॉर्ट यांतल्या कामगारांसाठी त्रिपक्षीय मंडळाचा कायदा किंवा योजना करावी आणि पहिला प्रयोग पालघर जिल्ह्यात करावा. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 33 खाली करमणुकीच्या जागांना जे परवाने दिले जातात, त्यांच्या अटींत गृह खात्याशी बोलून तीन गोष्टी घालाव्यात: आवारातल्या सर्व ठेकेदारांचे कामगार मिळून एकच हजेरीपट, कामगारांनी निवडलेले सदस्य असलेली सुरक्षा समिती, आणि धोका वाटल्यास राइड किंवा तलाव बंद करण्याचा लेखी अधिकार, जो वापरल्याबद्दल कोणालाही कामावरून काढता येणार नाही. पर्यटन धोरणातली कोणतीही सवलत देण्याआधी ही नोंदणी तपासली जावी. हंगामी कामगारांच्या संघटनेला व्यवसायभराची मान्यता मिळावी यासाठी नियमांत लागेल ती दुरुस्ती आपले खाते सुचवू शकते.

हे सगळे एका अधिवेशनात होणार नाही, याची मला कल्पना आहे. पण पहिले पाऊल टाकायला कायदा लागत नाही. येत्या उन्हाळी हंगामाआधी पालघरच्या जिल्हा मुख्यालयात उद्यानचालक, कामगार, जिल्हाधिकारी, पोलीस आणि आपले अधिकारी यांची एक बैठक बोलवा. त्या बैठकीला मालकांच्या बाजूने त्यांची संघटना येईलच. कामगारांच्या बाजूने आज कोणी अधिकृतपणे बसू शकत नाही, म्हणून किमान दहा ठिकाणचे लाइफगार्ड, राइड ऑपरेटर आणि सफाई करणाऱ्या बाया यांना, त्यांची त्या दिवसाची मजुरी बुडणार नाही अशी हमी देऊन, स्वतः बोलवा आणि त्यांचे ऐका.

आपला,
सरावली (बोईसर), जि. पालघर येथील एक नागरिक